म्हस्कूच्या नावावरचं रक्त

पाटस, ता. दौंड
बुधवार

आदरणीय दादा, अर्थात श्री. शंकरराव यांस धाकट्या ललिताचा मनापासून जय भीम.

तुमची तब्येत ठणठणीत आहे असं धरून चालते, कारण परवा फोनवर तुम्ही सतरा मिनिटं एकट्यानं बोललात आणि मध्ये दमही घेतला नाहीत. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, मी दिलेलं तेल गुडघ्याला लावायचं आहे, कपाटाच्या बिजागरीला नाही (तुमच्या मोनालीनं सगळं सांगितलंय). माझं बरं चाललंय. नोकरी संपून तीन वर्षं झाली, तरी कुणाचं पोर शिंकलं की लोक 'सिस्टर' म्हणत दारात उभे राहतात, त्यामुळे करमत नाही असं म्हणायची सोय नाही. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तुम्ही कुणाला बोलू देत नाही. शिरूर-घोडनदीच्या स्टँडवर तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्यात. समोरचा माणूस उत्तर देऊ शकतो, ही गोष्टच तुमच्या ध्यानातून गेली आहे. कागदाला तुम्ही मध्येच तोडू शकत नाही. उद्या दौंडला जाऊन शिरूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते. तुमचं नाव सांगितलं की तो पाकीट जपून आणतो, एवढा मान तुमचा अजून डेपोत आहे.

आता रविवारचं. चि. सम्राटचा शोधनिबंध परदेशातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकानं घेतला, आठ लेखकांत पहिलं नाव त्याचं लागलं, याचा आनंद तुमच्याइतकाच मलाही झाला होता (होता, हा शब्द मी विचार करून लिहिलाय). तुम्ही विहाराच्या सभागृहात सत्कार ठेवलात, शाल आणलीत, कॉलेजच्या मोठ्या सरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलंत आणि चौदा फुटी फ्लेक्सचा मजकूर मला वाचून दाखवलात. त्यात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द चार वेळा आलाय आणि सम्राट एकदाच. खाली उजव्या कोपऱ्यात माझा फोटो, 'मार्गदर्शक आत्या' म्हणून. बालपणीच्या आठवणी सांगायला मला पाच मिनिटंही दिलीत. मी येत नाही म्हणाले, तर तुम्ही विचारलंत, "गुडघा का?" दादा, गुडघा वहिनींचा आहे. मी येत नाही, कारण त्या निबंधात जे रक्त पुरुषांचं म्हणून छापून येणार आहे, ते बहुतेक सगळं बायकांचं आहे. खरं तर इथेच पत्र संपायला हवं. पण एका वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी तुम्ही नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. चष्मा घ्या आणि निवांत बसा.

ऊसतोड कामगार दिवसभर उन्हात राबतात, तर त्यांच्या रक्ताचं आणि मूत्रपिंडाचं काय होतं, असा सम्राटच्या पुण्याच्या मेडिकल कॉलेजचा अभ्यास. विषय चांगलाच होता. माझी सगळी नोकरी याच पट्ट्यात गेली, कोप्या-कोप्यांवर, एकेका झोपडीत मला ओळखतात, म्हणून सम्राटनं मला मदतीला घेतलं. वजनं करायची, बीपी घ्यायचं, कोण कुठल्या फडात आहे ते हुडकायचं, हे माझं काम. नावांची यादी मात्र कॉलेजनं हौसराव मुकादमाकडून घेतली आणि घोळ तिथे झाला. तोडीवर माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते (कधी तोडतेही तीच आणि तो तंबाखू मळतो, तरी कोयता एकच). यादीत नाव एकाचं, नवऱ्याचं. हौसरावनं शहाण्णव कोयत्यांची यादी दिली. पुण्याच्या मंडळींना त्यात शहाण्णव पुरुष दिसले. त्यांनी कॉम्प्युटरात सरसकट सगळ्यांपुढे 'पुरुष' भरून टाकलं आणि निम्मी माणसं अभ्यास सुरू व्हायच्या आधीच गेली. यात कुणाच्या मनात पाप नव्हतं, एवढं मी हौसरावच्या बाजूनंही म्हणते.

रक्त घ्यायची गाडी आली त्या दिवशी मी तिथे असते तर पुढचं काही झालं नसतं. पण मी कुठे होते? तुमच्याकडे, शिरूरला. वहिनींच्या साठीला आले होते, दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघत होते आणि तुम्ही म्हणालात, मटण उरलंय, दुपारी जा (मटण उत्तम होतं, तक्रार त्याची नाही). इकडे हौसरावनं कोप्यांवर हाळी दिली, "दर कोयत्यामागं एकानं या, रगत द्यायचंय!" आता घरातून एकानंच जायचं म्हटल्यावर कोण जाणार, हे सांगायला मोठी डिग्री लागत नाही. जी टँकरच्या रांगेत उभी राहते आणि रेशनच्या रांगेत उभी राहते, तीच गेली. सुईचं नाव ऐकल्याबरोबर गडी माणसांना ट्रॅक्टरचं चाक बघायचं आठवलं. एका चाकाभोवती वीस-बावीस जण उभे होते म्हणे. रक्त काढणारा तंत्रज्ञ यादीतलं नाव पुकारायचा, "म्हस्कू!" आणि म्हस्कूची बायको धुरपदा हात पुढे करायची. रोजच्या हजेरीला असंच चालतं, नवऱ्याच्या नावाला बायको 'हाय' म्हणते, त्यामुळे बायकांनाही काही वावगं वाटलं नाही. त्या तंत्रज्ञाला मी नंतर गाठलं. बाबा रे, तुला समोर बांगड्या दिसल्या नाहीत का? तो म्हणाला, मॅडम, माझ्याकडे नाव आणि नंबर एवढंच येतं, स्त्री-पुरुष हा कॉलम सरांकडे असतो. बिचारा खोटं बोलत नव्हता. बांगड्या जरा वर सरकवा, असं त्यानंच प्रत्येकीला सांगितलं होतं.

दीड महिन्यानं निकाल आले आणि कॉलेजात खळबळ माजली. एवढाले धिप्पाड गडी आणि हिमोग्लोबिन सात, साडेसहा! त्याच वेळी घेतलेल्या लघवीच्या तपासणीवरून कळलं, की पाणीही दिवसभरात जेमतेम घोटभर पितात. निबंधाचा मथळाच झाला: ऊसतोड पुरुषांमधला तीव्र रक्तक्षय. सम्राटनं मला मराठीतला सारांश आणून दिला, तो मी तीनदा वाचला. एका ठिकाणी लिहिलंय, की या पुरुषांमध्ये पाणी पिणं टाळण्याची प्रवृत्ती आढळते, तिचं कारण अज्ञात असून पुढील संशोधनाची गरज आहे. हे वाचून मी थबकले. कारण पाणी टाळणाऱ्या माणसांची आणि माझी अडतीस वर्षांची ओळख आहे आणि त्यांतला एकही पुरुष नव्हता. ऊस जसा तुटत जातो, तसा आडोसा जातो. दुपारपर्यंत रान उघडं पडतं, चारी बाजूंनी माणसं, ट्रॅक्टर, रस्ता. पुरुषाला बांध पुरतो. बाईनं कुठे जायचं? म्हणून ती पाण्याला तोंडच लावत नाही. हे कारण पुरुषांना कसं काय लागू झालं, याचं कोडं मला सुटेना. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात आणखी एक वाक्य होतं. स्त्रियांच्या शरीरातील मासिक बदलांमुळे निष्कर्षांत गोंधळ होऊ नये, म्हणून त्यांना या अभ्यासात घेतलेलं नाही. दादा, ते वाचून मी चहाचं भांडं गॅसवर ठेवलं आणि गॅस पेटवायचाच विसरले. बायकांना घेतलं नाही, एवढाच तेव्हा माझा राग होता. त्यांना घेतलंय, हे अजून मलाही माहीत नव्हतं.

मग म्हस्कूचं प्रकरण झालं. ज्यांचं रक्त कमी, त्यांना लोहाच्या गोळ्या आणि हलकं काम द्यावं, असं कॉलेजनं कळवलं आणि त्या यादीत पहिलं नाव म्हस्कूचं होतं. हा म्हस्कू एका वेळी दोन मोळ्या उचलणारा गडी. त्याला सांगितलं, की तुझ्या अंगात रक्त नाही. आधी तो हसला, मग घाबरला आणि नंतर त्याला ते आवडायला लागलं. बाजेवर पडून येणाऱ्या-जाणाऱ्याला "रगत न्हाई अंगात" असं बारीक आवाजात सांगायचा. गोळ्या नेमानं खायचा, त्यानं त्याचं पोट दगड झालं (पुढचं वर्णन त्यानं मला फार तपशिलात ऐकवलं, तुम्ही जेवून वाचत असाल म्हणून सोडून देते). आता म्हस्कूचं काम हलकं केलं, तर ते गेलं कुठे? कोयता तर एकच. धुरपदा स्वतःच्याही मोळ्या उचलू लागली आणि त्याच्याही. तिसऱ्या दिवशी ती फळीवरून मोळीसकट खाली आली.

मला बोलावणं आलं. जाऊन तिची पापणी खाली ओढून पाहिली, तर आत पांढरं. माझ्याकडे बोट टोचून रक्त तपासायचं यंत्र आहे (सरकारी नाही, माझं स्वतःचं, लगेच विचारू नका). सहा पॉइंट चार. मग मनात काय आलं कुणास ठाऊक, बाजेवरच्या रुग्णाचंही बोट धरलं. सुई दिसताच त्यानं असे डोळे फिरवले, की हा माणूस दोन महिन्यांपूर्वी नळीभर रक्त देऊन आलाय यावर लहान पोरानंही विश्वास ठेवला नसता. म्हस्कूचं रक्त भरलं पंधरा. मी म्हटलं, खरं सांग. तो मान खाली घालून म्हणाला, "म्या न्हाई दिलं सिस्टर, हिनं दिलं. कोयत्यामागं एकच मागितलं व्हतं की." आणि धुरपदा पडल्या पडल्या म्हणाली, "म्या तवाच म्हनलं मुकादमाला, रगत माजं आन् गोळ्या ह्यांला कशा? तर म्हनला, कागदात चूक नस्ती." दादा, चूक तिला पहिल्या दिवसापासून कळली होती. आपण सगळे शिकलेसवरलेले असून फक्त तिला एकटीला. तिला दौंडला दवाखान्यात नेलं, दोन बाटल्या रक्त चढवलं, आता कोपीवर आहे आणि गोळ्या तिला चालू केल्यात. म्हस्कूचं पोटही मोकळं झालंय. मोळ्या पुन्हा दोघं मिळून उचलतात.

तिथून मी वही घेऊन निघाले. शहाण्णव कोयते, एकेकाकडे जाऊन विचारायचं, की त्या दिवशी रक्त खरोखर कुणी दिलं. ऐकायला सोपं वाटतं, पण टोळ्या तोवर पाटसपासून पार नदीकाठापर्यंत पांगल्या होत्या. ट्रॉलीत बसून गेले, एकदा बैलगाडीतून गेले, एकदा एका भल्या माणसाच्या मोटारसायकलवरून गेले आणि त्यानं मला वाटेत तीन वेळा विचारलं, की बाई, तुम्ही इलेक्शनला उभ्या आहात का. एके ठिकाणी मी वही बाजेवर ठेवून पाणी प्यायला वळले, तेवढ्यात वासरानं तिची अडीच पानं खाल्ली. ती चौदा घरं मी परत फिरले. बायका सरळ सांगायच्या. अवघड होते पुरुष. आपण सुईला भ्यालो, हे चारचौघांत कबूल करायला कोण तयार होतो? एकानं बाही वर करून मला टोचल्याची खूण दाखवली. ती ढेकूण चावल्याची होती आणि ताजी होती. शेवटी मी युक्ती केली. म्हटलं, ज्यानं दिलं असेल त्याचं पुन्हा एकदा घ्यायचंय. पंधरा मिनिटांत सगळे खरं बोलायला लागले. हिशोब असा: शहाण्णवांतल्या एकाहत्तर नावांवरचं रक्त बायकांचं. पुरुष पंचवीस, आणि त्या पंचविसांत रक्त कमी असलेला फक्त एक. म्हणजे निबंधातलं संकट खरं आहे, दादा. फक्त ते ज्यांचं आहे, त्यांचं नाव त्यात नाही.

वही पिशवीत घालून मी पुण्याला गेले. सम्राटला न सांगता, कारण त्याला आधी सांगितलं असतं तर तो मध्ये अडकला असता. मोठे सर मीटिंगमध्ये होते, मग जेवायला गेले, मग पुन्हा मीटिंगमध्ये. मी दहा वाजल्यापासून चारपर्यंत केबिनच्या बाहेरच्या खुर्चीवर बसले, डबा तिथेच खाल्ला आणि शिपायालाही दिला. चार वाजता आत बोलावलं. सर शांतपणे म्हणाले, "बाई, अशा वहीला पुरावा म्हणत नाहीत." मी म्हटलं, "मग मुकादमाच्या यादीला म्हणतात का?" त्यांनी पेपरवेट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, की डेटा आता बंद झालाय, आणि बायकांचे आकडे वेगळे घेऊन तरी उपयोग नाही, त्यांच्या मासिक बदलांमुळे सगळं वर-खाली होतं. दादा, मी तिथे आवाज चढवला नाही. फक्त वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. या एकाहत्तर जणींतल्या तेवीस जणींची गर्भाची पिशवी काढलेली आहे, पस्तिशीच्या आत, कारण पाळीच्या दिवसांत मोळी उचलवत नाही आणि खाडा परवडत नाही. त्यांचे मासिक बदल तुम्ही आता कुठे शोधणार, असं विचारलं. सरांनी शिपायासाठी बेल वाजवली. शिपायानं मला खाली गेटपर्यंत सोडलं आणि म्हणाला, पुन्हा या (बहुतेक डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी).

मग मी थेट त्या मासिकाला लिहायचं ठरवलं. ते सातासमुद्रापलीकडे, पण तक्रारीचा फॉर्म फोनवर भरता येतो. मोनालीनं इंग्रजी केलं (ती त्या दिवशी मैत्रिणीच्या हळदीला गेली होती असं तुम्हाला वाटतंय, तसंच वाटू द्या). फॉर्मवाल्यांना माझं पद हवं होतं. दिलेल्या सोळा पर्यायांत प्राध्यापक सात प्रकारचे होते, नर्स एकही नव्हती; मी 'इतर' घेतलं. संस्था विचारली, तिथे 'उपकेंद्र, निवृत्त' लिहिलं. पुढे विचारलं, या लेखाच्या लेखकांशी तुमचे काही हितसंबंध आहेत का. मी म्हटलं, लिही, पहिल्या लेखकाला मी सहा महिने रोज न्हाऊ घातलंय. मोनाली म्हणाली, आत्या, असं नसतं लिहायचं. मी म्हटलं, खरं आहे ते लिहायचं. लिहिलं. चार दिवसांत उत्तर आलं, अगदी आदरानं लिहिलेलं. निबंध छापायचा बाकी आहे, पहिल्या लेखकानं स्वतः दुरुस्ती कळवली तर आकडे बदलून घेऊ, मात्र ती येत्या सोमवारपर्यंत यायला हवी. सोमवारनंतर छपाई. म्हणजे तुमच्या सत्काराच्या दुसऱ्या दिवशी.

सम्राट मधल्या काळात एकदा पाटसला येऊन गेला. मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्यानं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, वासरामुळे पुन्हा लिहिलेल्या पानांसकट. पिठलं-भाकरी खाल्ली, दुसरी भाकरी मागितली नाही. जाताना म्हणाला, "आत्या, तुझं बरोबर आहे, पण माझ्या एकट्याच्या हातात नाही." त्याला दोष द्यावा तर माझा जीव धजत नाही. जूनमध्ये त्याची नोकरी कायम होण्याची मुलाखत आहे आणि मोठे सर मुलाखतीला समोरच बसणार आहेत. पण दादा, पुढच्या हंगामापासून या निबंधाच्या आधारावर सगळ्या टोळ्यांना आरोग्य कार्डं निघणार आहेत, गोळ्या, तपासणी, दुपारची विश्रांती, सगळं. कार्ड ज्याच्या नावाचं, त्यालाच. निबंध असा छापला गेला, तर हजारो धडधाकट म्हस्कू बाजेवर पडतील आणि त्यांच्या वाटच्या मोळ्या उचलताना किती धुरपदा फळीवरून पडतील, हे मोजायला माझ्यासारखी वही घेऊन कुणी जाणार नाही. मी हे होऊ देणार नाही. माझं वय एकसष्ट आहे, पेन्शन कुणी काढून घेऊ शकत नाही आणि मला कुठे कायम व्हायचं नाही. आभारांच्या यादीत माझ्या नावाऐवजी 'एका स्थानिक महिलेच्या सहकार्याबद्दल' असं लिहिलंय, त्याचंही मला काही नाही (आहे, पण ते नंतर). रक्त बायकांचं आहे, ते बायकांच्या नावावर लागलं पाहिजे. तोवर मी शाल बघायलाही यायची नाही.

वहिनींना नमस्कार, मोनालीला गालगुच्चा, आणि फ्लेक्सवाल्याला म्हणावं अजून छापू नकोस.

तुमची हट्टी बहीण,
ललिता

ता. क. वरची सगळी पानं मी यादीवर, मुकादमावर आणि मोठ्या सरांवर खर्च केली. आता खरं लिहिते. सम्राटनं दुरुस्तीचं पत्र इथून गेल्यावर चौथ्या दिवशीच लिहिलंय. ते तुमच्या कपाटात आहे. त्यानं तुम्हाला विचारलं आणि तुम्ही म्हणालात, कायम होईपर्यंत गप्प बस (मोनालीवर ओरडू नका, तिच्या पोटात काही राहत नाही हे तुम्हाला ती चार वर्षांची असल्यापासून माहीत आहे). तुम्ही तसं का म्हणालात, हे मला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळतं. दुसऱ्याच्या पोरानं चूक केली तर ती चूक असते. आपल्या पोरानं केली, की लोक त्याची जात काढतात आणि कुठल्या जागेवरून आला ते विचारतात. तुम्ही स्टँडवर ऐकलंत, मी बाळंतिणीच्या खोलीत ऐकलं. पोर मी बाहेर काढलेलं चालायचं, पण माझ्या हातचा चहा चालायचा नाही. म्हणूनच सांगते, ही चूक आपण सांगायची, आपल्या तोंडानं, दुसऱ्यानं शोधायच्या आत. आणि दादा, यादीत आपलं नाव नाही म्हणून जन्मभर भांडत आलेली माणसं आपण. एकाहत्तर जणींना यादीबाहेर ठेवणाऱ्या कागदावर पहिलं नाव आपल्या सम्राटचं असावं, हे मला सहन होत नाही. पत्र कपाटातून काढा आणि त्याच्या हातात द्या. माझं मागणं एवढंच होतं, ते लिहायला मला इतकी पानं लागली.

आणखी एक ता. क. गुरुवार, दौंड स्टँड. गाडी लागलीय, कंडक्टर घाई करतोय, तरी पाकीट फोडून लिहितेय. आत्ताच सम्राटचा फोन आला. त्यानं तुम्हाला न विचारता काल दुपारी दुरुस्ती पाठवली, नव्यानं लिहून, माझी वही जोडून. लेखकांत नववं नाव माझं घातलंय म्हणाला. मोठ्या सरांनी त्याला केबिनमधून बाहेर काढलं. ते रविवारी येणार नाहीत आणि जूनचंही आता काही खरं नाही. तेव्हा वरचं सगळं वाचायची आता गरज नाही, पण लिहायला दोन दिवस लागलेत म्हणून पाठवते आहे. कार्यक्रम रद्द करू नका. तुम्ही आत्ता मंडपवाल्याचा नंबर शोधत असाल, तो ठेवून द्या. सत्कार आता खरा करायचा आहे. मी येते, धुरपदा आणि दहा-बारा जणी येतायत, जेवणाचं बघा. फोनवर सम्राट हसून बोलत होता, पण त्याचं ते हसणं मी ओळखते. ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "आत्या, पप्पा काय म्हणतील गं?" मी म्हटलं, बरं केलंस म्हणतील. दादा, तुमच्या वतीनं मी बोलून बसले आहे, तेवढं खरं करा.